परीक्षा हेडसेटची, माणसाची नाही

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

हार्बर लाईनच्या गर्दीत उभं राहून ऐकताय की रात्री जेवण आटोपून, मला माहीत नाही. पण इअरफोन कानात आहेत आणि फोन हातात आहे, एवढं नक्की. आजचा विषय त्या फोनशी आणि त्याहून जास्त तुमच्या डोळ्यांशी आणि कानांशी संबंधित आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी नवी मुंबईत राहतो, बीटेक केलंय, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. गेली काही वर्षं माझ्या कामाचा बराचसा वेळ व्हीआर आणि एआर अ‍ॅप्सवर जातो. दोन्ही शब्द तुम्ही ऐकले असतील, तरी एका वाक्यात सांगतो. व्हीआरमध्ये तुम्ही डोळ्यांवर हेडसेट चढवता आणि तुमची खरी खोली गायब होऊन दुसरंच जग दिसायला लागतं. एआरमध्ये खरी खोली तशीच राहते, फक्त तिच्यावर काहीतरी नवीन ठेवलं जातं. फोनच्या कॅमेऱ्यातून हॉलमध्ये सोफा ठेवून बघितलात, चष्म्याची फ्रेम चेहऱ्यावर लावून बघितलीत किंवा पोकेमॉन गो खेळलात, तर एआर तुम्ही वापरलेलं आहे.

आजचा प्रश्न साधा आहे. हा अनुभव सुधारायचा कसा? माझं उत्तर एका शब्दात: रिसर्च. म्हणजे माणूस ते वापरत असताना त्याच्याकडे नीट बघायचं, जे दिसलं ते मोजायचं, आणि त्यानुसार वस्तू बदलायची. यातलं शेवटचं महत्त्वाचं. बदलायची ती वस्तू. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं, माणसालाच बदलायला सांगतात. ‘तुम्हाला सवय नाही हो, होईल हळूहळू.’

पुठ्ठ्याचा डबा ते १,२९९ रुपये

सुरुवात घराजवळून करू. ठाणे-बेलापूर रोडवर घणसोलीला रिलायन्सचं मोठं कॅम्पस आहे, जिओचं मुख्य काम तिथून चालतं. व्हीआर-एआरमध्ये ही कंपनी बऱ्यापैकी आधी उतरली. २०१९ मध्ये त्यांनी टेसरॅक्ट ही स्टार्टअप घेतली. २०२० च्या वार्षिक सभेत जिओ ग्लास नावाचा चष्मा दाखवला, वजन ७५ ग्रॅम. आणि २०२३ च्या आयपीएलच्या वेळी जिओडाइव्ह आला, किंमत १,२९९ रुपये. त्यात स्वतःची स्क्रीन नाही. तुमचा फोन आत सरकवायचा, ४.७ ते ६.७ इंचांपर्यंतचा, आणि मॅच ३६० अंशांत बघायची.

ही कल्पना गुगलच्या कार्डबोर्डची. २०१४ मध्ये गुगलने अक्षरशः पुठ्ठ्याचा डबा आणि दोन भिंगं एवढ्यावर व्हीआर करून दाखवलं होतं. फोनमध्ये जायरोस्कोप असतो, तो तुम्ही मान किती वळवली ते सांगतो. त्यानुसार चित्र वळवलं की झालं.

आता यातली मेख बघा. फोनमधला हा सेन्सर मान वळलेली ओळखतो. पण तुम्ही पुढे वाकलात किंवा एक पाऊल सरकलात, तर ते या प्रकारच्या हेडसेटला कळत नाही. म्हणजे तुम्ही पुढे वाकून बघायला जाता आणि अख्खं जग तुमच्याबरोबर पुढे सरकतं. खऱ्या आयुष्यात असं कधीच होत नाही. मेंदू म्हणतो, काहीतरी गडबड आहे.

महागड्या हेडसेटमध्ये बाहेर कॅमेरे असतात, ते तुमचं पाऊलही ओळखतात. पण आपल्याकडे कितीतरी जणांची व्हीआरशी पहिली ओळख होते ती स्वस्त फोन आणि स्वस्त हेडसेटवर, नाहीतर मॉलमधल्या पाच मिनिटांच्या राइडवर. तिथे चक्कर आली की माणूस काय म्हणतो? ‘हेडसेटमध्ये मर्यादा आहे’ असं कोणीही म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मला नाही झेपत हे.’ आणि तो परत कधी हात लावत नाही. स्वतःला दोष देऊन निघून गेलेला माणूस कुठल्याही अ‍ॅपच्या रिव्ह्यूमध्ये दिसत नाही.

बस लागते, तसं व्हीआर लागतं

मराठीत एक छान प्रयोग आहे, ‘बस लागते’. कोकणात जाताना घाटात लाल परीमध्ये पुस्तक किंवा फोन बघत बसलं की काय होतं, माहितीये ना? डोळे म्हणतात, मी एका जागी स्थिर आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, अरे, आपण वळतोय, हलतोय. दोघांचं जमत नाही आणि पोटात ढवळतं.

व्हीआरमध्ये हेच उलटं होतं. डोळे म्हणतात, मी रोलरकोस्टरवर आहे. कान म्हणतो, खुर्चीवर बसलोय रे बाबा. भांडण तेच, फक्त बाजू बदललेल्या. म्हणून मी म्हणतो, बस लागते तसं व्हीआर लागतं.

यात वेळेचाही भाग आहे. तुम्ही मान वळवली आणि चित्र वळलं, या दोन्हींमधलं अंतर साधारण २० मिलिसेकंदांच्या आत हवं असं या क्षेत्रात मानतात. २० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. आता गणित करा. स्क्रीन सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद लागतात. ९० चित्रं दाखवत असेल तर सुमारे ११. म्हणजे ६० च्या स्क्रीनवर एक चित्र जरी चुकलं तरी आपण हद्दीबाहेर.

आणि चित्रं चुकतात कधी? फोन तापला की. व्हीआर चालवताना प्रोसेसर पूर्ण जोरात चालतो, फोन बंद डब्यात असतो, वारा लागत नाही, बाहेर मे महिना. फोन स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणून एसी लावलेल्या ऑफिसात दहा मिनिटं टेस्ट करून ‘मस्त चालतंय’ म्हणणं पुरेसं नाही. दुपारी पंख्याखाली, चार्जिंग २० टक्क्यांवर असलेल्या फोनवर, पंधराव्या मिनिटाला काय होतं ते बघायला लागतं. तो खरा टेस्ट.

बरं, ‘लागलं’ हे मोजायचं कसं? त्यासाठी एक जुनी प्रश्नावली आहे, सिम्युलेटर सिकनेस क्वेश्चनेअर. १९९३ मध्ये रॉबर्ट केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. मुळात ती वैमानिकांच्या सिम्युलेटरसाठी होती. १६ लक्षणं आहेत, प्रत्येकाला ० ते ३ गुण. मळमळ, घाम, डोळ्यांवर ताण, चक्कर, असं सगळं. आज व्हीआरवर काम करणारे जगभरातले लोक तीच वापरतात.

यात एक गंमत आहे. या १६ लक्षणांमध्ये ‘स्टमक अवेअरनेस’ असं एक आहे. शब्दशः केलं तर ‘पोटाची जाणीव’. आता हे मराठीत कोणाला विचारलंत तर तो म्हणेल, भूक लागलीये का विचारताय? आपण काय म्हणतो? ‘पोटात कसंतरी होतंय.’ लगेच कळलं. दुसरं आहे ‘फुलनेस ऑफ हेड’. त्याला आपल्याकडे तयारच शब्द आहे, ‘डोकं जड झालंय’. सांगायचा मुद्दा असा की प्रश्नावली भाषांतर करून चिकटवली की उत्तरं चुकीची येतात. आधी चार जणांना तोंडी विचारून बघा, त्यांना काय कळलं ते ऐका, मग छापा. आणि हेडसेट लावायच्या आधीही एकदा विचारून ठेवा. माणूस सीवूड्सहून उभ्याने लोकलमधून आला असेल तर त्याचं डोकं आधीच जड असतं, त्याचा दोष तुमच्या अ‍ॅपला कशाला?

रिसर्चने खरंच फरक पडतो का? दोन उदाहरणं देतो.

पहिलं २०१६ चं. कोलंबिया विद्यापीठातल्या अजॉय फर्नांडिस आणि स्टीव्हन फाइनर यांनी एक प्रयोग केला. माणूस व्हीआरमध्ये चालत असताना त्याच्या दृष्टीच्या कडा हळूहळू काळ्या करायच्या, थांबला की परत उघडायच्या. लोकांना त्रास कमी झाला, आणि बहुतेकांना आपल्या नजरेच्या कडा झाकल्या जातायत हे कळलंही नाही. आज कितीतरी व्हीआर गेम्समध्ये हा पर्याय सेटिंगमध्ये असतो.

दुसरं २०२० चं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बायकांना व्हीआर जास्त लागतं असं बरीच वर्षं म्हटलं जायचं. जणू काही त्यांच्या शरीरातच काहीतरी कमी आहे. के. स्टॅनी आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला. हेडसेट त्यांच्या डोळ्यांना बसतो का? आपल्या दोन बुबुळांमध्ये ठरावीक अंतर असतं, प्रत्येकाचं वेगळं. हेडसेटची दोन भिंगं त्या अंतरावर यावी लागतात. त्या वेळचे हेडसेट ज्या मापांना धरून बनवलेले होते, त्यात अनेक बायकांचं अंतर बसतच नव्हतं. जिथे माप नीट जुळलं, तिथे बायकांना होणारा त्रास पुरुषांसारखाच होता.

म्हणजे बघा, इतकी वर्षं ‘बायकांना लागतं’ म्हणून सांगितलं, आणि दोष भिंगांच्या मापाचा होता! चपलेचा नंबर चुकीचा द्यायचा आणि म्हणायचं, यांचे पायच नाजूक. २०२० च्या क्वेस्ट २ मध्ये भिंगांच्या तीन जागा होत्या, ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. पुढे क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून हवं तिथे आणता यायला लागलं. अर्थात, ते चाक आहे हे वापरणाऱ्याला सांगितलं तर. आपल्याकडच्या डेमोंमध्ये मी बघतो, हेडसेट एकाच्या डोक्यावरून काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतात आणि अंतर कोणी विचारतच नाही. चष्मा आहे का, अंबाडा आहे का आणि मागचा पट्टा त्यावर कसा बसणार, हेही नाही. २० सेकंदांचं काम असतं.

‘छान आहे’ म्हणजे काय?

आता आपल्या स्वभावाकडे येऊ. पाहुण्यांकडे पोहे खारट झाले तरी आपण काय म्हणतो? ‘छान झालेत.’ युजर रिसर्चमध्ये हाच सगळ्यात मोठा अडथळा आहे.

यावर आपल्याच देशात एक सुंदर अभ्यास झालाय. निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूमध्ये ४५० मुलाखती घेतल्या आणि २०१२ मध्ये तो प्रसिद्ध केला. शीर्षकच ‘युवर्स इज बेटर’, म्हणजे ‘तुमचंच चांगलं’. लोकांना दोन गोष्टी दाखवायच्या आणि कुठली आवडली ते विचारायचं. पण त्यातली एक आपण स्वतः बनवलीये असं मुलाखत घेणाऱ्याने सुचवायचं. लोकांनी मुलाखत घेणाऱ्याची वस्तू पसंत करण्याची शक्यता साधारण अडीच पट निघाली. मुलाखत घेणारा परदेशी असेल आणि मध्ये दुभाष्या लागत असेल तर पाच पट. आणि ती वस्तू उघड उघड कमी दर्जाची असली तरीही लोकांचा कल तिच्याकडेच राहिला.

म्हणून मी टीममध्ये सांगतो, ‘छान आहे’ हा शब्द वहीत लिहूच नका. त्याऐवजी तीन गोष्टी करा. एक, ‘हे मी बनवलेलं नाही, मला यातल्या चुका शोधायच्या आहेत’ असं सुरुवातीलाच सांगा. त्यासाठी टेस्ट घेणारा माणूस खरंच दुसरा असू द्या. दोन, ‘आवडलं का?’ विचारू नका. ‘आत्ता काय झालं असं वाटलं?’ विचारा. तीन, तोंडापेक्षा शरीराकडे बघा. हात भिंत शोधतोय का? पाय जागेवर घट्ट रोवलेत का? माणूस हेडसेट हाताने धरून उभा आहे का? काढल्यावर पहिल्यांदा डोळे चोळले का? तोंड ‘छान’ म्हणत असतं तेव्हा हात खरं बोलत असतो.

नापास कोण झालं?

इथपर्यंत सगळं गेम आणि क्रिकेटचं चाललंय असं वाटेल. पण व्हीआर आता अशा ठिकाणी गेलंय जिथे निकालावर माणसाचं काहीतरी अवलंबून असतं. कारखान्यात सुरक्षा प्रशिक्षणासाठी व्हीआर वापरतात. कल्पना खरोखर चांगली आहे. खरी गॅसगळती करून कोणाला शिकवता येत नाही, व्हीआरमध्ये येते.

आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मला असंच एक प्रशिक्षण बघायला बोलावलं होतं. अ‍ॅप दुसऱ्याच कोणीतरी बनवलेलं होतं. नावं सांगत नाही, गरजही नाही. माझं काम फक्त मागे उभं राहून बघणं आणि नोंदी करणं.

प्रसंग असा: गॅस गळतोय, अलार्म दाबा, व्हॉल्व्ह बंद करा, सुरक्षित जागी जा. वर घड्याळ चालू. शेवटी पास किंवा नापास, आणि तो निकाल माणसाच्या प्रशिक्षणाच्या फाईलमध्ये जाणार.

एक काका होते, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, आयुष्य प्लांटवर गेलेलं. हेडसेट लावला. पडद्यावर सूचना आली, ‘झडप बंद करा’. काका म्हणाले, ‘झडप म्हणजे कुठली?’ प्लांटवर झडप कोणी म्हणत नाही हो, सगळे व्हॉल्व्ह म्हणतात. ते कळेपर्यंत घड्याळ पळतंय. मग त्यांनी चाक फिरवायला दोन्ही हात पुढे केले, जसं आयुष्यभर केलं तसं. पण अ‍ॅपला हवं होतं एकाच हातातलं बाजूचं बटण दाबून धरणं. बोट सुटलं की चाक परत जागेवर. शेवटी वेळ संपली. नापास.

त्यांच्यानंतर एक विशीतला मुलगा, नुकताच लागलेला. रोज गेम खेळणारा. त्याने पटापटा बटणं दाबली, व्हॉल्व्ह बंद, पळाला, पास. टाळ्या.

आता माझ्या वहीत काय होतं ते ऐका. काकांनी अलार्म वाजल्यावर सगळ्यात आधी मान वर करून विंडसॉककडे बघितलं होतं. विंडसॉक म्हणजे खांबावर लावलेली ती कापडी पिशवी, वारा कुठे वाहतोय ते दाखवणारी. गॅस गळला की वारा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने पळणं म्हणजे गॅसबरोबर पळणं. म्हणून आधी वारा बघायचा, मग वाट ठरवायची. काकांना हे कोणी सांगावं लागलं नाही. आणि अ‍ॅपने त्या तीन-चार सेकंदांचं काय केलं? वाया गेलेला वेळ म्हणून मोजले! त्या मुलाने वर बघितलंच नाही. तो वाऱ्याच्याच दिशेने पळाला. अ‍ॅपला फरक पडला नाही.

खऱ्या गळतीत यातला कोण वाचेल? आणि फाईलमध्ये कोण पास आहे?

रिसर्चची गरज नेमकी इथे असते. त्या परीक्षेने दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या: सुरक्षा किती कळते आणि कंट्रोलर किती जमतो. बेरीज एकच आकडा म्हणून दाखवली, आणि त्याला नाव दिलं ‘सुरक्षा प्रशिक्षण’.

त्या नोंदींवरून जे बदल सुचवले ते काही रॉकेट सायन्स नव्हते. आधी पाच मिनिटांची सरावाची खोली, जिथे चेंडू उचला, दार उघडा, चाक फिरवा, गुण नाहीत, घड्याळ नाही. चाक दोन्ही हातांनी फिरू द्या. सूचना वाचायला लावण्याऐवजी ऐकू द्या, मराठीत आणि हिंदीत, आणि प्लांटवर जे शब्द बोलतात तेच शब्द. हेडसेटला मान कुठे वळली ते कळतंच, मग विंडसॉककडे बघणं हा गुणाचा मुद्दा करा. आणि निकालात दोन रकाने ठेवा, एक कामाच्या समजेचा, दुसरा उपकरण हाताळण्याचा. दुसऱ्यात कमी पडला तर सराव द्या, शेरा मारू नका.

सगळं नाही, पण बरंचसं त्यांनी केलं. परीक्षा परत घेतली. या वेळी काकांनी वर बघितलं, वाट बदलली, चाक फिरवलं, बाहेर आले. त्या मुलाला मात्र पुन्हा करावं लागलं, कारण वारा न बघता पळाला. तो हसला आणि म्हणाला, ‘काका, मला पण दाखवा ते वर कुठे बघता.’ प्रशिक्षण खरं तर तिथे सुरू झालं.

काना, मात्रा आणि पिक्सेल

आता भाषेचा दुसरा भाग, दिसण्याचा. व्हीआरमध्ये मराठी वाचायला त्रास होतो अशी तक्रार मी बऱ्याचदा ऐकतो. कारण साधं आहे. चांगल्या नजरेला एका अंशात साधारण ६० पिक्सेल असले तर चित्र एकदम स्वच्छ वाटतं. क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटमध्ये ते सुमारे २५ आहेत. इंग्रजी मोठी अक्षरं तेवढ्यात भागवून नेतात. पण आपल्या लिपीत वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. कमी पिक्सेलमध्ये घ आणि ध सारखे दिसतात, भ आणि म सारखे दिसतात. म्हणून इंग्रजीसाठी ठरवलेला फॉन्टचा आकार मराठीला तसाच लावू नका. मोठा करा, ओळींमध्ये जागा जास्त सोडा, वाक्यं लहान ठेवा, आणि खऱ्या हेडसेटवर खऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. लॅपटॉपच्या स्क्रीनवर सगळंच सुंदर दिसतं.

टायपिंगचंही तसंच. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने स्वरचक्र नावाचा कीबोर्ड बनवला, २०१३ च्या सुमारास तो अँड्रॉइडवर आला. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती चाक उघडतं, क, का, कि, की, आणि बोट त्या दिशेला सरकवलं की अक्षर तयार. इंग्रजी कीबोर्डवर मराठी बसवण्याऐवजी त्यांनी विचार बाराखडीपासून सुरू केला. हवेत कंट्रोलर रोखून बारीक बटणं टिपणं हे व्हीआरमधलं सगळ्यात वैतागवाणं काम आहे. तिथे दिशेवर चालणारी अशी रचना करून बघायला हवी असं मला वाटतं. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर हा घ्या, मी आनंदाने मदत करेन.

आणि एआरवाल्यांसाठी एक घरगुती गोष्ट. फोन जमीन ओळखतो ती तिच्यावरच्या खुणांवरून, नक्षी, कडा, डाग. आपल्या फ्लॅटमध्ये काय असतं? पांढऱ्या चकचकीत टाइल्स, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब. फोनला काही सापडत नाही. अ‍ॅप म्हणतं, ‘फोन हळूहळू फिरवा’, माणूस फिरवत बसतो आणि म्हणतो, माझा फोनच स्वस्तातला. फोन ठीक आहे हो. खाली एक सतरंजी अंथरा, लगेच सोफा उभा राहील. आता हे वाक्य अ‍ॅपमध्येच का नाही लिहायचं? कारण कोणी अशा घरात जाऊन बघितलेलं नाही.

तुम्ही काय करू शकता

कॉलेजात असाल, स्टार्टअपमध्ये असाल, तर मोठी लॅब लागत नाही. एक खोली, एक वही, आणि पाच माणसं. जेकब नील्सन यांनी हिशेब मांडला होता की पाच जणांबरोबर टेस्ट केली तरी वापरातल्या बहुतेक अडचणी समोर येतात. पण ते पाचही जण तुमच्या हॉस्टेलचे नकोत. एक चष्मा असलेला, एक साडी नेसून अंबाडा घालणारी मावशी, एक पन्नाशीचे काका, एक डावखुरा, आणि एक असा ज्याला बस लागते. खास करून तो शेवटचा. त्याला त्रास झाला नाही तर तुमचं अ‍ॅप पास.

खुर्ची जवळ ठेवा. आधीच सांगा, ‘कधीही डोळे मिटा, कधीही काढा, परीक्षा तुमची नाही, हेडसेटची आहे.’ झाल्यावर लगेच स्कूटर चालवायला पाठवू नका, पाणी द्या, बसवा. हेडसेटचा फोम प्रत्येकानंतर पुसा. २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या फोममुळे काही जणांच्या त्वचेला त्रास झाला म्हणून कंपनीला ते भाग परत मागवून कव्हर द्यावं लागलं होतं. आपल्याकडे तर घामही जास्त.

आणि परवानगी लेखी घ्या, समजेल अशा भाषेत. व्हीआरची माहिती साधी नसते. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५११ जणांवर दाखवलं की पाच मिनिटांपेक्षा कमी वेळाच्या डोक्या-हातांच्या हालचालींवरूनही संगणक त्या गटातला माणूस सुमारे ९५ टक्के अचूक ओळखतो. नाव काढून टाकलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. पण कायद्याच्या आधी साधी माणुसकी आहे: काय घेताय, किती दिवस ठेवणार, कोण बघणार, हे सांगा.

आणि तुम्ही काही बनवत नसाल, नुसते वापरणारे असाल, तर तुमच्यासाठी एकच सांगणं. पुढच्या वेळी मॉलमध्ये, ऑफिसात, कॉलेजात हेडसेट लावलात आणि डोकं जड झालं, अक्षरं धूसर दिसली, बटण सापडलं नाही, तर ‘मला जमत नाही’ म्हणून गप्प काढून ठेवू नका. समोरच्याला सांगा, ‘भिंगांचं अंतर जुळवता येतं का? बसून करता येईल का? हे मराठीत आहे का?’ एका माणसाने विचारलेला प्रश्न पुढच्या दहा जणांच्या कामी येतो. आणि घरातल्या मोठ्यांना दाखवत असाल तर घाई करू नका. आधी माप जुळवा, मग स्थिर दृश्य दाखवा, समुद्रकिनारा वगैरे. रोलरकोस्टर नंतर.

पुढच्या भागात आवाजाबद्दल बोलू, हेडसेटमध्ये मागून कोणी हाक मारली तर ती मागूनच कशी ऐकू येते. मजेशीर विषय आहे. तुम्हाला कधी व्हीआर लागलं असेल तर तो किस्सा मला नक्की पाठवा, पण एक अट आहे. ‘छान होतं’ एवढंच लिहून पाठवू नका. नेमकं काय झालं ते लिहा.

चला, भेटू. काळजी घ्या!